एका स्लाइडवर दोन आवाज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो. जलचक्रावर पॉवरपॉइंटमध्ये धडा तयार केलाय. प्रत्येक स्लाइडला माझाच आवाज आहे, सुरुवातीला बासरीचं संगीत आहे. ढगांची स्लाइड आली की दोन आवाज एकदम सुरू होतात. पोरं हसायला लागतात आणि तास तिथेच मोडतो. स्लाइडवर स्पीकरचं चिन्ह तर एकच दिसतं. मग दुसरा आवाज येतो कुठून? (एक शिक्षक, जुन्नर तालुका)

सर, दुसरा आवाज नुसत्या कानाने शोधत बसू नका. आधी एवढंच ठरवा की तो ढगांच्याच स्लाइडवरचा आहे की मागून चालत आलाय. त्यासाठी ढगांची स्लाइड समोर ठेवा आणि शिफ्ट धरून एफ-५ दाबा. नुसत्या एफ-५ ने धडा पहिल्यापासून सुरू होतो, शिफ्ट धरली की समोरच्या स्लाइडपासून. असं केल्यावरही दोन आवाज आले, तर चोर घरातच आहे. एकच आला, तर दुसरा मागच्या कुठल्यातरी स्लाइडवरून येतोय.

मागून येणाऱ्याचं निदान सोपं आहे. साधा घातलेला आवाज स्लाइड बदलली की आपोआप थांबतो. तो पुढे चालत राहतो याचा अर्थ त्याला ‘प्ले अक्रॉस स्लाइड्स’ची खूण लागलेली आहे. बासरी लावताना तुम्ही ‘प्ले इन बॅकग्राउंड’ हे बटण दाबलं असणार. त्या एका बटणाने चार गोष्टी होतात: आवाज आपोआप सुरू होतो, संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजतो, चिन्ह लपतं आणि तो सगळ्या स्लाइडवर चालू राहतो. ‘ॲनिमेशन पेन’ ही बाजूची यादी उघडून त्या आवाजाच्या ‘इफेक्ट ऑप्शन्स’मध्ये गेलात तर ‘स्टॉप प्लेइंग’ खाली ९९९ स्लाइड असा आकडा दिसेल. तिथे १ लिहा, म्हणजे बासरी पहिल्या स्लाइडबरोबर थांबेल.

आता घरातला चोर. चिन्ह एकच दिसतं असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला वाटतं की ढगांची स्लाइड तुम्ही आधीच्या एखाद्या स्लाइडची नक्कल काढून केली असावी. नक्कल काढली की तिच्यावरचा आवाजही सोबत येतो. मग तुम्ही नवा आवाज घातलात. पॉवरपॉइंट नवा आवाज स्लाइडच्या मधोमध ठेवतं, आणि जुनाही तिथेच मधोमध होता. एका चिन्हाच्या बरोबर खाली दुसरं चिन्ह, त्यामुळे दिसायला एकच. ऑल्ट धरून एफ-१० दाबा, उजवीकडे सिलेक्शन पेन उघडेल. स्लाइडवरची प्रत्येक वस्तू तिथे नावानिशी दिसते, लपलेलीसुद्धा. आवाजाच्या दोन ओळी दिसल्या की एकेक निवडून वाजवून बघा आणि जुनी सरळ डिलीट करा. चिन्ह बाजूला सरकवून किंवा स्लाइडच्या कडेबाहेर नेऊन ठेवलं तर आवाज वाजतच राहतो. अशा कडेबाहेर टाकलेल्या चिन्हांनी मला आजवर सर्वांत जास्त छळलंय.

सिलेक्शन पेनमध्ये एकच ओळ असेल, तर चिन्ह नसलेला आवाज शोधा. ट्रान्झिशन टॅबवर ‘साउंड’ म्हणून रकाना असतो, तिथे घंटी किंवा टाळ्या निवडलेल्या असल्या तर स्लाइडवर त्याची काहीच खूण दिसत नाही. ढग उडत येण्याच्या ॲनिमेशनलाही स्वतंत्र आवाज लावता येतो. तो त्या ॲनिमेशनच्या इफेक्ट ऑप्शन्समध्ये दडलेला असतो. दोन्हीकडे ‘नो साउंड’ करा.

आणि दोन्ही आवाज हवेच असतील, म्हणजे आधी बाष्पीभवन आणि मग सांद्रीभवन अशा दोन तुकड्यांत तुम्ही बोलला असाल, तर ॲनिमेशन पेनमध्ये दुसऱ्या तुकड्याची सुरुवात ‘विथ प्रीव्हियस’वरून ‘आफ्टर प्रीव्हियस’वर आणा. ‘विथ’ म्हणजे आधीच्याबरोबर, ‘आफ्टर’ म्हणजे आधीचं संपल्यावर. पण मी हा उपाय सुचवते तो नाइलाज म्हणून. एका स्लाइडला एकच आवाज ठेवा आणि सांगायचं जास्त असेल तर स्लाइड दोन करा. पुढच्या वर्षी तुम्हाला एकच वाक्य बदलायचं असेल तेव्हा याचा फायदा कळेल.

रेकॉर्डिंगबद्दलही लगेच सांगते, कारण दुसरा तुकडा घालायची वेळ बऱ्याचदा तिथूनच येते. ‘रेकॉर्ड’ बटणाने सलग बोलत रेकॉर्ड करताना एक स्लाइड जाऊन दुसरी येत असते, त्या मधल्या क्षणात पॉवरपॉइंट आवाज टिपत नाही. तुम्ही बोलत राहिलात तर पहिले दोन-तीन शब्द गळतात. मग माणूस ते शब्द वेगळे रेकॉर्ड करून वरून चिकटवतो, आणि तिथे नवी धडक तयार होते. स्लाइड पूर्ण स्थिर होऊ द्या, एक श्वास घ्या, मग बोला.

बासरीचं मात्र मी मनापासून सांगते, तुमच्या आवाजाखाली ती ठेवूच नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या रिचर्ड मेयर यांनी रोक्साना मोरेनो यांच्यासोबत २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वीज कशी तयार होते हे सांगणारा ॲनिमेशनचा धडा काही विद्यार्थ्यांना नुसत्या निवेदनासह दाखवला, काहींना मागे संगीत लावून. संगीतवाल्या विद्यार्थ्यांना धडा कमी आठवला आणि त्यावरचे प्रश्नही कमी सुटले. तुमच्या वर्गात त्यात भर म्हणजे उघड्या भिंती, पत्रा आणि टीव्हीचा छोटा स्पीकर. मागच्या बाकावरच्या मुलीला ‘सांद्रीभवन’ हा शब्द पहिल्यांदाच ऐकायचाय. तो तिला स्वच्छ ऐकू येऊ द्या.

प्रश्न: माझा धडा माझ्या लॅपटॉपवर नीट चालतो. ऑनलाइन तासाला स्क्रीन शेअर केली की मुलांना निवेदन दोनदा ऐकू येतं, दुसरं किंचित उशिरा. फाइल बिघडली का? (एक शिक्षिका, सोलापूर)

फाइल बरोबर आहे, मॅडम. झूममध्ये तुम्ही ‘शेअर साउंड’ चालू करता तेव्हा लॅपटॉपचा आवाज थेट मुलांकडे जातो. तोच आवाज तुमच्या स्पीकरमधून खोलीत येतो, तुमचा माइक तो पुन्हा उचलतो आणि पुन्हा पाठवतो. निवेदन चालू असेपर्यंत माइक बंद ठेवा, नाहीतर हेडफोन लावा. घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरून तुम्ही त्याच तासात हजर असाल, तर त्याचाही आवाज आणि माइक बंद करा.

प्रश्न: मी पुण्यात एका कंपनीसाठी स्टोरीलाइन या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेचे कोर्स बनवते. स्लाइडवर यंत्राचं चित्र आहे, भागांवर क्लिक केलं की लेयर, म्हणजे स्लाइडवरचा दुसरा थर, उघडते आणि त्या भागाची माहिती ऐकू येते. लोक मूळ निवेदन संपायच्या आत क्लिक करतात आणि दोन्ही एकदम वाजतात. निवेदन संपेपर्यंत बटणं बंद ठेवू का? (एक इन्स्ट्रक्शनल डिझायनर)

बटणं बंद ठेवू नका. कारखान्यात दहा वर्षं काम केलेल्या माणसाला हवा तो भाग लगेच बघू दे, त्याला वाट बघायला लावणं योग्य नाही.

लेयरच्या नावाशेजारच्या दातेरी चाकावर क्लिक करा. तिथे ‘पॉझ टाइमलाइन ऑफ बेस लेयर’ आहे, ती खूण लावा. लेयर उघडली की मूळ स्लाइडची टाइमलाइन आणि तिच्यावरचं निवेदन थांबेल, लेयर मिटली की तिथूनच पुढे चालेल. तिथेच ‘हाइड अदर स्लाइड लेयर्स’ही असू द्या, नाहीतर झडपेची लेयर उघडी असताना कोणी मोटरवर क्लिक केलं की आता दोन लेयर भांडतील. ही खूण प्रत्येक लेयरला वेगळी लावावी लागते. बारा भागांपैकी अकरांना लावली आणि एक राहिली, तर तक्रार त्या एकाचीच येते.

काही आवाज तुम्ही टाइमलाइनवर न ठेवता ‘प्ले मीडिया’ ट्रिगरने, म्हणजे ‘हे झालं की ते कर’ अशा आदेशाने, सुरू केले असतील. त्यांच्यासाठी टाइमलाइनच्या भरवशावर राहू नका. बटणावर ‘स्टॉप मीडिया’चा ट्रिगर घाला आणि तो ‘शो लेयर’च्या वर ठेवा. स्टोरीलाइन ट्रिगर वरून खाली चालवतं, त्यामुळे आधी जुना आवाज बंद होईल, मग लेयर उघडेल.

तपासताना शहाण्यासारखं क्लिक करू नका. भराभर, उलटसुलट, निवेदनाच्या पहिल्या शब्दावरच क्लिक करा. मागची स्लाइड उघडून परत या. परत आल्यावर निवेदन अर्ध्यातूनच सुरू झालं, तर स्लाइडच्या गुणधर्मांत ‘व्हेन रीव्हिजिटिंग’ला ‘रीसेट टू इनिशियल स्टेट’ द्या. फक्त जिथे प्रश्नमंजुषा आहे तिथे ते देऊ नका, तिथली उत्तरं पुसली जातात.

प्रश्न: मला दिसत नाही. संगणक मी एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवतो. नोकरीत लागणारं ऑनलाइन प्रशिक्षण उघडलं की प्रत्येक पानावर निवेदन आपोआप सुरू होतं आणि एनव्हीडीएही बोलू लागतो. थांबवायचं बटण शोधायचं तर आधी एनव्हीडीए ऐकू यायला हवा, आणि तोच ऐकू येत नाही. ऑफिसात सांगितलं तर ‘बाकी कोणाची तक्रार नाही’ असं उत्तर मिळालं. मी काय करू? (एक वाचक, नाशिक)

दादा, तुमचं पत्र मी ज्यांच्या ज्यांच्यासोबत धडे करते त्या सगळ्यांना वाचून दाखवलं. डोळस माणूस दुसरा आवाज नकोसा झाला तर डोळ्यांनी बटण शोधतो. तुम्हाला बटण सापडण्याची वाटच त्या आवाजाने अडवलेली असते.

तुमच्या हातात असलेले दोन उपाय आधी. एनव्हीडीए की धरून शिफ्ट आणि डी दाबा. ‘ऑडिओ डकिंग’ नावाची सोय आहे, दर वेळी दाबलं की ती पुढच्या पर्यायावर जाते. ‘बोलताना आणि ध्वनी वाजवताना इतर आवाज कमी करा’ असा पर्याय निवडलात तर एनव्हीडीए बोलेल तेवढा वेळ निवेदनाचा आवाज खाली जाईल. संगणकावर रीतसर बसवलेल्या एनव्हीडीएमध्येच ही सोय चालते, पेनड्राइव्हवरून चालवत असाल तर मिळणार नाही. दुसरं, निवेदनच ऐकायचं असेल तेव्हा कंट्रोल दाबा, एनव्हीडीए गप्प होईल. शिफ्ट दाबलीत तर तो आहे तिथे थांबेल आणि पुन्हा दाबल्यावर तिथूनच पुढे वाचेल.

पण हे तुम्ही निभावून नेणं झालं. दोष कोर्समध्ये आहे आणि तो बनवणाऱ्यांनीच दुरुस्त करायला हवा. वेबवरच्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांच्या २००८ सालच्या आवृत्तीपासून १.४.२ क्रमांकाचा निकष सांगतो की आपोआप सुरू होणारा आवाज ३ सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल, तर तो थांबवण्याची किंवा संगणकाच्या एकूण आवाजाला हात न लावता तेवढाच कमी करण्याची सोय हवी. हा निकष ‘ए’ पातळीचा आहे, म्हणजे सगळ्यांत खालच्या पायरीचा, किमान अपेक्षेचा. भारतात अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही आहे, त्यात माहिती आणि संपर्काच्या साधनांच्या सुगम्यतेची तरतूद आहे. ऑफिसला लेखी पत्र द्या आणि त्यात हा क्रमांक व कायद्याचं नाव लिहा. ‘त्रास होतो’ एवढंच लिहिलंत तर पत्र फायलीत जाईल, क्रमांक लिहिलात तर ते कोर्स बनवणाऱ्यापर्यंत पोचवावं लागेल.

पत्रात दुरुस्तीही सुचवा, कारण ती फार मोठी नाही. प्रत्येक पानावर निवेदन आपोआप सुरू न करता सर्वांत आधी ‘निवेदन ऐका’ असं बटण ठेवायचं. कीबोर्डवरचा टॅब पहिल्यांदा दाबल्यावर त्याच बटणावर पोचलं पाहिजे, आणि एनव्हीडीएला वाचता येईल असं नाव त्याला दिलेलं पाहिजे, नुसतं त्रिकोणाचं चित्र चालणार नाही. निवेदनाचा मजकूर पानावर लेखी असावा, म्हणजे ज्याला एनव्हीडीएच्या वेगाने वाचायचंय तो निवेदन सुरूच करणार नाही. बनवणारे म्हणतील की आवाज आपोआप सुरू झाला नाही तर लोकांना बिघाड वाटतो. त्यांना आठवण करून द्या की एप्रिल २०१८ पासून क्रोमच मुळात वापरणाऱ्याने पानावर काही क्लिक करेपर्यंत सहसा आवाज सुरू होऊ देत नाही, त्यामुळे सुरुवातीला एक बटण तसंही लागतंच.

पत्राची पोच घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. उत्तर आलं किंवा नाही आलं, तरी मला कळवा. बदललेला कोर्स त्यांनी पाठवला तर तो एनव्हीडीए लावून, डोळे मिटून, मीही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चालवून बघेन आणि जिथे अडेल ते तुम्हाला लिहीन.