रिसर्च पेपरवर पहिलं नाव मागितलं तर हावरट दिसेन का?

हा प्रश्न मला पीएचडीच्या पोरी सारख्या विचारतात, पोरं मात्र जवळपास कधीच नाही, यातच काय ते समजा.

एक मुलगी आली होती, खानापूरकडची, बायोटेकवाली (ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदललेत). रोज बसनं बेळगावला यायचं, प्रयोग हिनं केले, ग्राफ हिनं काढले, पेपर लिहिला पण हिनंच, आणि ड्राफ्टवर पहिलं नाव (मुख्य काम ज्याचं, त्याचं असतं ते) लॅबमधल्या सिनियर मुलाचं, हिचं तिसरं. गाईड म्हणाले, "त्याला नोकरी बघायचीय, तुझं काय, लग्न झालंय की." नवरा म्हणतो जाऊ दे, गाईडशी वाकडं घेऊ नको, थीसिस अडकवतील.

तिला जास्त त्रास कशाचा होत होता, तर आपल्याला राग आला याचा. म्हणून खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेलचं सांगितलं. १९६७ मध्ये केंब्रिजला विद्यार्थिनी असताना पल्सारचा (ठराविक लयीत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्याचा) सिग्नल हिनं हेरला, पेपरवर पाच नावांत हिचं दुसरं, आणि १९७४ चं नोबेल गाईडला, हिला नाही. बाईचं काम पुरुषाच्या खात्यावर जमा होतं त्याला १९९३ मध्ये मार्गारेट रॉसिटर यांनी मटिल्डा इफेक्ट असं नावच दिलंय. यानं राग जात नाही, पण 'माझंच काहीतरी चुकतंय' हे जरा सुटतं.

मग कामाचं बोललो. नावांचा क्रम जर्नल ठरवत नाही, लेखकांनीच आपापसात ठरवायचा असतो, त्यामुळं जे काय ते सबमिट करायच्या आधी. बरीच जर्नल्स आता कुणी काय केलं ते लिहून मागतात, क्रेडिट (CRediT) नावाच्या पद्धतीत अशी १४ कामं आहेत, कल्पना, प्रयोग, डेटा सांभाळणं, पहिला ड्राफ्ट वगैरे. म्हटलं या कामांचा तक्ता भर, सिनियरनं जे खरंच केलंय तेही लिही, आणि गाईडना मेल कर, 'अन्याय' शब्द नको. मेल तिथंच बसून लिहिला. दर ओळीत 'सॉरी सर', सगळे खोडायला लावले! शेवटी उरलं ते असं: 'सर, कामाचा तक्ता जोडलाय. त्यावरून पहिलं नाव माझं यावं असं मला वाटतं. सोमवारी बोलू का?'

गाईड चिडले, काही दिवस धड बोलले नाहीत. मग हिचं नाव दुसरं आलं आणि खाली 'पहिल्या दोघांचं समान योगदान' अशी टीप. मला विचाराल तर हा अर्धाच न्याय, पण ती म्हणाली सध्या पुरे, थीसिस व्हायचाय अजून. बरोबर आहे, तिथं रोज तिला जायचंय, मला नाही.

आता पुढच्या पेपरवर आडनाव माहेरचं की सासरचं यावरून घरात सुरू झालंय. ऑर्किड आयडी (ORCID, संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) काढ म्हटलं, फुकट मिळतो, नाव बदललं तरी सगळे पेपर एकाच खात्यात राहतात. तो तिनं काढलाय, सासूबाईंशी बोलणं व्हायचंय.