मर्टल लावताय? आधी निचरा बघा

ताई, तुम्हाला दारात बारमाही हिरवं मर्टल लावायचंय, पण सांगलीची काळी माती ऊस पोसते, मर्टल मात्र तिच्यात गुदमरतं. हे झुडूप मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. आपल्याकडे पावसाळाभर मुळं ओली राहिली की कुजतात, पानं पिवळी पडतात आणि आपण घाबरून आणखी पाणी घालतो. नेमकं तेच करू नका. सुरुवातीला १२ इंची कुंडीत लावा, तळाची भोकं मोकळी ठेवा. निम्मी माती, बाकी बारीक मुरूम आणि थोडं कुजलेलं शेणखत. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी द्या. जमिनीतच लावायचं असेल तर वीतभर उंच वाफा करा.

ऊन भरपूर हवं. छाटणी फुलं सरल्यावर लगेच. हे पेरू-जांभळाच्या कुळातलं, म्हणून पान चुरगळलं की सुवास येतो. पांढऱ्या फुलातला केसरांचा झुबका पहिल्यांदा बघाल ना, जीव हरखून जाईल!

नर्सरीत नीट विचारून घ्या. क्रेप मर्टल म्हणून मिळतं ते वेगळं, आपल्या तामणाचं भावंड. ते थंडीत पानं गाळतं. तुम्हाला बारमाही हिरवं हवंय.