‘डुलणे’ म्हणजे नेमके काय? पीक डुलते, मग झोका का डुलत नाही?

वस्तू कुठे टेकली आहे ते पाहा, बहुतेक गोंधळ तिथेच मिटतो. ‘डुलणे’ म्हणजे बूड जागेवर ठेवून वरच्या भागाने हळूहळू, एका लयीत दोन्ही बाजूंना कलणे. ज्वारीचे ताट मुळाशी घट्ट असते आणि कणीस वर जड. वारा आला की कणीस कलते, ताट त्याला परत आणते. नागाचा फणा, चालणारा हत्ती, टाळाच्या ठेक्यावर उभा वारकरी, सगळे डुलतात ते असेच. वाऱ्याने पीक आडवे झाले तर मात्र ते ‘लोळले’. डुलणारे पीक उभेच असते.

झोका वरून टांगलेला, म्हणून तो ‘झुलतो’. पूलही झुलता. होडी पाण्यावर तरंगते, तिला लाट ढकलते, म्हणून ती लाटांत ‘हेलकावे खाते’. संथ पाण्यात मात्र होडीही डुलते. भरलेल्या घागरीतले पाणी ‘हिंदकळते’. एक पाय आखूड असलेले टेबल ‘डुगडुगते’, पाया ढिला झालेली भिंत ‘डळमळते’. या शेवटच्या दोन शब्दांत दोष आहे, पडण्याची भीती आहे. डुलण्यात ती नाही, उलट सुख आणि डौल आहे. म्हणून ‘भूकंपात इमारत डुलली’ हे वाक्य कानाला खटकते. तिथे ‘हादरली’ किंवा ‘हेलकावली’ हवे.

‘डुलणे’ आणि ‘डोलणे’ यांत पक्की सीमा नाही. तरी गाणे ऐकून माणूस बहुधा ‘डोलतो’ आणि रमतगमत येणारा ‘डुलत डुलत’ येतो (उशीर झाला असेल तर यात थोडा रागही असतो). बसल्या बसल्या झोपेने मान कलते ती ‘डुलकी’.

व्याकरणात चूक होते ती भूतकाळात. क्रियापद अकर्मक आहे: ‘पीक डुलले’, ‘पिकाने डुलले’ नव्हे. दुसऱ्याला डुलवायचे असेल तर ‘वाऱ्याने कणसे डुलवली’. मानेसाठी रूढ रूप ‘डोलावणे’: ‘तिने मान डोलावली’. याचा अर्थ होकार किंवा दाद. भाषांतरांत ‘नकारार्थी मान डोलावली’ असे सर्रास दिसते, ते टाळा. नकाराला ‘मान हलवली’ लिहा. न विचार करता होकार देणाऱ्याला आपण नंदीबैलासारखी मान डोलावतो म्हणतो, तेही याच होकारामुळे.

मूळ संस्कृत ‘दोला’, म्हणजे झोका. ‘हिंदोळा’, ‘डोली’, ‘दोलन’, ‘आंदोलन’ हे त्याच घरातले. ‘आंदोलन’ आज मोर्चा-उपोषणाचा शब्द झाला असला तरी संगीतात जुना अर्थ जिवंत आहे: दरबारी कानडा या रागातला कोमल गंधार आंदोलित असतो, म्हणजे स्वर जागा न सोडता हळूच डुलतो. ‘दोलायमान’ मात्र मनासाठी किंवा परिस्थितीसाठी ठेवा, पिकासाठी नको.

आणि ‘डोलकर’ म्हणजे डोलणारा नव्हे. ‘डोल’ हे भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून बांधतात ते पिशवीसारखे जाळे, बोंबील मुख्यतः त्यात मिळतात. ते लावणारा कोळी तो डोलकर.