वाचकांचे प्रश्न : कंटेनर इमेज आणि तिचे थर

प्रश्न : पायथॉनमध्ये लिहिलेल्या एका सेवेची कंटेनर इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सर्व फाइलींचा एकत्र गठ्ठा, मी 'डॉकर बिल्ड' ही कमांड वापरून तयार करतो. कोडमधली एखादीच ओळ बदलली, तरी सगळ्या लायब्ररी पुन्हा डाउनलोड होतात. डॉकर कॅश, म्हणजे आधीच्या बिल्डचे निकाल जपून, ठेवतो असे वाचले होते. मग तिचा उपयोग का होत नाही?

उत्तर : आपण पाठवलेल्या डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) पायाभूत इमेज निवडणाऱ्या 'फ्रॉम'नंतर लगेच 'कॉपी'ने संपूर्ण फोल्डर इमेजमध्ये घेतले आहे आणि लायब्ररी बसवणारी 'पिप इन्स्टॉल' ही कमांड त्याच्या खालच्या 'रन' ओळीत आहे. अडचण या क्रमातच आहे. बिल्ड करताना सूचना वरून खाली तपासल्या जातात आणि ज्या सूचनेपाशी बदल आढळतो, तिथपासून खालच्या सर्व सूचना नव्याने चालवल्या जातात. 'कॉपी'च्या बाबतीत फाइलींचा मजकूर बदलला आहे का हे पाहिले जाते. फाइल केव्हा बदलली ही वेळ त्यात धरली जात नाही. आपण कोडची एक ओळ बदलली की 'कॉपी'चा थर (त्या सूचनेने इमेजमध्ये केलेले बदल) रद्द होतो आणि त्या सूचनेनंतर येत असल्यामुळे लायब्ररी बसवण्याचा थरही रद्द होतो.

उपाय सोपा आहे. आधी फक्त लायब्ररींची यादी असलेली 'रिक्वायरमेंट्स' फाइल कॉपी करावी, मग 'रन'ने लायब्ररी बसवाव्यात आणि उरलेला कोड सर्वांत शेवटी कॉपी करावा. जे क्वचित बदलते ते वर आणि जे रोज बदलते ते खाली, असा क्रम लावला की यादी बदलेपर्यंत लायब्ररींचा थर कॅशमधून मिळत राहतो.

आपल्या कमांडच्या शेवटी जे टिंब आहे, त्याचा अर्थ चालू फोल्डर हा बिल्डचा संदर्भ आहे, असा होतो. त्या फोल्डरमध्ये गिटचे (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाचे) लपलेले फोल्डरही असते आणि प्रत्येक कमिटनंतर, म्हणजे बदलांची नोंद केल्यावर, त्यातला मजकूर बदलतो. त्यामुळे कोड तोच असला, तरी संपूर्ण फोल्डर घेणारी 'कॉपी' सूचना पुन्हा चालते. बिल्डमधून काय वगळायचे हे सांगणाऱ्या 'डॉकरइग्नोर' फाइलमध्ये गिटचे फोल्डर, चाचण्यांचे निकाल आणि आपल्या संगणकावरील व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट यांची नोंद अवश्य करावी.

'रन'च्या बाबतीत मात्र कॅश फक्त कमांडचा मजकूर पाहते. त्या कमांडने इंटरनेटवरून काय आणले असते, याचा विचार होत नाही. म्हणूनच पॅकेजची यादी ताजी करणारे 'ॲप्ट-गेट अपडेट' एका ओळीत आणि 'इन्स्टॉल' दुसऱ्या ओळीत ठेवू नये. पुढे केव्हातरी इन्स्टॉलच्या यादीत एक पॅकेज वाढवले, तर अपडेटचा जुना थर कॅशमधून येतो आणि रिपॉझिटरीत आता अस्तित्वात नसलेली आवृत्ती शोधली जाते. या दोन्ही कमांड एकाच 'रन'मध्ये जोडाव्यात.

प्रश्न : आमच्या अंतर्गत पॅकेज सर्व्हरसाठी एक टोकन, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त किल्ली, लागते. मी ते एका फाइलमधून इमेजमध्ये कॉपी करतो, काम झाल्यावर पुढच्या ओळीत 'आरएम'ने पुसतो. एवढी काळजी पुरेशी आहे का?

उत्तर : नाही, आणि हे आपण तातडीने दुरुस्त करावे. इमेज म्हणजे एकमेकांवर रचलेल्या टार फाइली (अनेक फाइली एकत्र बांधलेले गठ्ठे; प्रत्येक थराची एक), सोबत रचना सांगणारी एक जेसन फाइल आणि थरांची यादी देणारा मॅनिफेस्ट. एकदा तयार झालेला थर पुढे कधीही बदलत नाही. आपण पुढच्या ओळीत टोकनची फाइल पुसता, तेव्हा वरच्या थरात मूळ नावाआधी 'टिंब-डब्ल्यूएच-टिंब' जोडलेली एक रिकामी फाइल नोंदवली जाते. चालू कंटेनरला तिच्यामुळे मूळ फाइल दिसत नाही, पण खालच्या थरात टोकन जसेच्या तसे असते. ज्याच्याकडे आपली इमेज आहे, तो 'डॉकर सेव्ह' करून ती टार उलगडू शकतो आणि टोकन वाचू शकतो. मोठी फाइल नंतर पुसूनही इमेजचा आकार कमी होत नाही, त्यामागेही हेच कारण आहे.

टोकन 'आर्ग'मधून (बिल्डला बाहेरून मूल्य देणाऱ्या सूचनेतून) देणे हाही पर्याय नाही. ते ज्या 'रन'मध्ये वापरले जाते, त्याच्या नोंदीत त्याची किंमत राहते आणि 'डॉकर हिस्ट्री' कमांडने ती दिसू शकते. योग्य मार्ग म्हणजे बिल्डकिटची, म्हणजे डॉकरच्या नव्या बिल्डरची, सीक्रेट सोय. 'रन' सूचनेला 'माउंट' हा पर्याय 'सीक्रेट' प्रकारासह द्यावा आणि बिल्ड करताना कमांडवर 'सीक्रेट' पर्यायाने फाइलचा मार्ग सांगावा. टोकन त्या एका सूचनेपुरतेच '/रन/सीक्रेट्स' फोल्डरमध्ये दिसते आणि कोणत्याही थरात उतरत नाही. २०२३ मध्ये आलेल्या डॉकर इंजिन २३.० पासून लिनक्सवर बिल्डकिट हाच आपोआप वापरला जाणारा बिल्डर असल्याने वेगळे काही बसवावे लागणार नाही.

२०१७ मधील १७.०५ या आवृत्तीपासून एकाच डॉकरफाइलमध्ये अनेक टप्पे लिहिता येतात. कंपायलर आणि बिल्डची साधने पहिल्या टप्प्यात ठेवून शेवटच्या टप्प्यात फक्त तयार प्रोग्राम घेतल्यास आकार लक्षणीय घटतो. परंतु पहिल्या टप्प्याचे थर बिल्ड करणाऱ्या यंत्राच्या कॅशमध्ये राहतात, म्हणून टोकन लपवण्यासाठी या युक्तीवर विसंबू नये. आणि ज्या इमेज आधीच रजिस्ट्रीत (इमेज साठवणाऱ्या सर्व्हरवर) गेल्या आहेत, त्यांच्यातील टोकन आजच रद्द करून नवे घ्यावे. रजिस्ट्रीतून इमेज काढून टाकली, तरी ती ज्यांनी उतरवून घेतली आहे त्यांच्याकडे टोकन राहतेच.

प्रश्न : सामायिक सर्व्हरवर मला 'डॉकर' ग्रुपमध्ये घेण्यास व्यवस्थापक तयार नाहीत. ही सावधगिरी जरा जास्तच नाही का? मी इमेज कशी बनवू?

उत्तर : त्यांचे म्हणणे योग्य आहे. डॉकरचा डिमन (पार्श्वभूमीवर सतत चालणारा प्रोग्राम) सामान्यतः रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालतो आणि त्या ग्रुपमधील कोणीही मुख्य यंत्राची संपूर्ण फाइलप्रणाली एखाद्या कंटेनरमध्ये माउंट करून हवी ती फाइल बदलू शकतो. ग्रुपचे सदस्यत्व देणे म्हणजे प्रत्यक्षात रूटचे अधिकार देणेच होय. डॉकरमध्ये रूटविना चालण्याची सोय आहे, पण केवळ इमेज बनवण्यासाठी मी आपल्याला बिल्डा हे वेगळे साधन सुचवेन, कारण त्याला डिमन लागत नाही. व्यवस्थापकांना '/ईटीसी/सबयूआयडी' आणि '/ईटीसी/सबजीआयडी' या फाइलींत आपल्या नावे वापरकर्ता आणि ग्रुप क्रमांकांचा पट्टा द्यावा लागेल. मग युजर नेमस्पेसमुळे (आतले आणि बाहेरचे वापरकर्ता क्रमांक वेगळे ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीमुळे) बिल्डच्या आत आपण रूट असता आणि बाहेर साधे वापरकर्तेच राहता.

'बिल्डा बिल्ड' आपली डॉकरफाइल वाचते. एक फरक लक्षात ठेवावा : मधल्या थरांची कॅश ते आपोआप ठेवत नाही, त्यासाठी 'लेयर्स' पर्याय द्यावा लागतो, पॉडमन या दुसऱ्या कंटेनर साधनाची 'पॉडमन बिल्ड' कमांड मात्र ती ठेवते. डॉकरफाइल नको असेल, तर शेल स्क्रिप्टमध्ये 'बिल्डा फ्रॉम'ने कंटेनर सुरू करून त्याचे नाव व्हेरिएबलमध्ये घ्यावे, 'बिल्डा रन', 'बिल्डा कॉपी' आणि 'बिल्डा कॉन्फिग'ने काम करावे आणि शेवटी 'बिल्डा कमिट' करावे. मधल्या सर्व बदलांचा एकच थर होतो आणि शेलमधल्या अटी व लूप मोकळेपणाने वापरता येतात. तयार होणारी इमेज ओसीआय या कंटेनरांसाठीच्या खुल्या प्रमाणाची असल्याने डॉकरही ती चालवतो. मात्र या प्रमाणात कंटेनर नीट चालतो का हे तपासणाऱ्या 'हेल्थचेक' सूचनेला जागा नाही. आपल्या डॉकरफाइलमध्ये ती असल्यास 'फॉरमॅट' पर्यायात 'डॉकर' लिहावे.

प्रश्न : 'फ्रॉम'मध्ये 'लेटेस्ट' टॅग वापरावा का?

उत्तर : टॅग हे केवळ नाव आहे आणि ते उद्या दुसऱ्याच इमेजला लावले जाऊ शकते. टॅग न लिहिल्यास 'लेटेस्ट' गृहीत धरले जाते. ती इमेज सर्वांत नवी असेलच, याची हमी त्यातून मिळत नाही. दर वेळी तीच मूळ इमेज हवी असेल, तर आवृत्तीसोबत तिचा शा-२५६ डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळख) लिहावा. अशा वेळी सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येणार नाहीत, म्हणून तो डायजेस्ट ठराविक काळाने बदलण्याचे काम संघातील एखाद्या व्यक्तीकडे नेमून द्यावे.