शेजारच्या कारखान्याच्या जागी टॉवर: हरकत घ्यायची ती कशी?

प्रश्न: कोलशेत रोडलगत आमची जुनी सोसायटी आहे. मागचा बंद पडलेला कारखाना पाडून तिथे टॉवर येणार अशी चर्चा होतीच. आता वर्तमानपत्रात महापालिकेची नगररचना कायद्याच्या कलम 37 खालची नोटीस आली आहे: ती जमीन औद्योगिक विभागातून वगळून रहिवास विभागात घेण्याचा प्रस्ताव. आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर शिरला की रिक्षासुद्धा निघत नाही. टॉवर झाला की आमचा उजेड जाईल. कुठली कुठली माणसं राहायला येतील. बिल्डरचा माणूस सेक्रेटरींकडे ना हरकत पत्र मागतोय, बदल्यात इमारतीचं रंगकाम करून देतो म्हणतो. कोर्टातून स्टे मिळेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, स्टे सध्या विसरा. आत्ता फक्त प्रस्ताव आहे, निर्णय झालेला नाही. आज कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न येईल, हरकत नोंदवली का? शिवाय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 149 मुळे अशा आदेशांविरुद्ध दिवाणी दावा चालत नाही. पुढे वेळ आलीच तर रस्ता उच्च न्यायालयात रिट याचिकेचा.

तुमच्या हातात नोटीस आहे, हे मी नशीब समजतो. औद्योगिक जमिनीवर रहिवासी वापराला परवानगी देण्याची तरतूद 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही आहे, आणि त्या वाटेने प्रकरण गेलं की शेजाऱ्यांना कळतं ते जागेभोवती पत्रे ठोकल्यावर. कलम 37 खाली मात्र कोणाही नागरिकाला हरकत घेता येते. मुदत एक महिना. राजपत्रातली आणि वर्तमानपत्रातली तारीख वेगळी असू शकते; जी आधीची, तिथून मोजा.

आता हरकतीत काय लिहायचं? तुमच्या पत्रात 'आमचा उजेड जाईल' आणि 'कुठली कुठली माणसं राहायला येतील' ही दोन वाक्यं आहेत. दुसरं वाक्य खोडून टाका. कोणी कुठे राहावं हे ठरवायचा हक्क शेजाऱ्याला नाही, आणि ते वाक्य वाचून अधिकारी उरलेलं पत्रही गंभीरपणे घेणार नाही. उजेडाचं थोडं वेगळं. सुविधाधिकार अधिनियम, 1882 नुसार वीस वर्षं खिडकीतून अखंड मिळालेल्या उजेडा-वाऱ्याला संरक्षण मिळू शकतं, पण तो वाद प्रत्यक्ष बांधकामाच्या वेळचा. गॅलरीतून दिसणाऱ्या देखाव्यावर कोणाचाच हक्क नसतो.

तुमचं खरं बळ त्या टँकरमध्ये आहे. समोरच्या रस्त्याची रुंदी जितकी, त्यावर चटईक्षेत्र (म्हणजे किती बांधकाम करता येईल) आणि इमारतीची उंची अवलंबून. म्हणून महापालिकेच्या शहर विकास विभागातून मंजूर विकास योजनेचा (शहराच्या आराखड्याचा) तुमच्या भागापुरता नकाशा, म्हणजे भाग नकाशा, आणि जमीन कोणत्या विभागात आहे ते सांगणारा झोन दाखला काढा. मग टेप घेऊन गल्लीत उतरा. नकाशातला रस्ता आणि जागेवरचा रस्ता यांत किती तफावत आहे, हे तीन ठिकाणी मोजून फोटोसह जोडा. अग्निशमन दलाची गाडी वळेल का, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं, सोसायटीला महिन्याला किती टँकर लागतात त्याची बिलं, हे सगळं लावा. 'वाहतुकीवर ताण पडेल' असं मोघम लिहिलेले अर्ज गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यानेच निकाली निघतात. प्रस्तावाची फाईल माहिती अधिकारात मागवा, पण उत्तराला तीस दिवस लागू शकतात. त्यासाठी हरकत अडवून ठेवू नका.

स्पष्टच सांगतो, बंद कारखान्याच्या जागी घरं होऊच नयेत ही मागणी टिकणं कठीण आहे, आणि ती टिकावी असं मलाही वाटत नाही. पण हरकतींवरच्या सुनावणीनंतर प्रस्ताव शासनाकडे जातो, आणि शासन तो नाकारू शकतं, बदलू शकतं किंवा अटी घालून मंजूर करू शकतं. तुमचा डाव त्या अटींवर लावा. भोगवटा प्रमाणपत्राआधी (म्हणजे टॉवरमध्ये राहायला परवानगी मिळण्याआधी) रस्ता रुंद झालाच पाहिजे, सुविधा भूखंड (सार्वजनिक सोयींसाठी सोडायची जागा) महापालिकेच्या ताब्यात आलाच पाहिजे, बांधकामाच्या डंपरला तुमच्या गल्लीतून प्रवेश नको, असं नेमकं मागा.

'तुमचा काय संबंध?' असं कोणी विचारलं तर घाबरू नका. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली गेली, तेव्हा रहिवासीच कोर्टात गेले होते. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला आणि ते वाटप रद्द ठरवलं. तिथे उद्यान होतं, इथे कारखाना आहे, त्यामुळे निकाल तुमच्या बाजूने तसाच्या तसा लागू होईल असं समजू नका. दाद मागण्याच्या हक्कापुरता तो उपयोगी आहे.

हरकत सोसायटीच्या ठरावासह द्या, आणि ज्यांना जमेल त्या सभासदांनी स्वतंत्रही द्या. एकाच मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा जणांची आपापल्या शब्दांतली पत्रं बरी. प्रत्येकाची आवक क्रमांकासह पोच घ्या. सुनावणीचं बोलावणं त्याच पत्त्यावर येतं. सुनावणीला एकाने बोलावं आणि बोललेलं लेखी टिपण तिथेच द्यावं.

राहिलं रंगकाम. सेक्रेटरींना एकट्याच्या सहीने असं पत्र द्यायचा अधिकार नाही, विषय सर्वसाधारण सभेपुढे यायला हवा. तसं पत्र गेलंच, तर सुनावणीत बिल्डरचा वकील सगळ्यात आधी तेच पुढे सरकवेल. आजच सेक्रेटरींना लेखी कळवा आणि त्याचीही पोच ठेवा.