गोल्फ कोर्सवर पुढचा गट फारच हळू खेळत असेल तर काय करावं?

त्यांच्यापुढे अख्खं होल (कोर्सचा एक टप्पा) रिकामं दिसलं, की पुढच्या टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) गाठून सरळ विचारा, "भाऊ, आम्ही पुढे जाऊ का?" बहुतेक जण हो म्हणतात. नाहीच म्हणाले तर मार्शलला (खेळाच्या वेगावर लक्ष ठेवणारा कोर्सचा माणूस) सांगा. घाई करवायला त्यांच्या दिशेने चेंडू मात्र कधीच मारू नका, जिवावर बेततं.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, सकाळचं ऊनही सोसवत नाही. म्हणून आपलाही वेग बघा. 2019 पासून चेंडू शोधायला 5 नव्हे, 3 मिनिटंच मिळतात. फटका 40 सेकंदांत मारावा, अशी नियमांतच शिफारस आहे. चेंडू झाडीत हरवल्यासारखा वाटला, तर शोधायला जाण्याआधी, जिथून फटका मारला तिथूनच प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा चेंडू) मारून ठेवा. उन्हात परत टीपर्यंतची पायपीट वाचते.