22 टक्के नेमके कुठे वाचतात?

तुमचं पत्र मुद्देसूद आहे, त्यामुळे उत्तर द्यायला सोपं गेलं. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: सायकल 2 वर्षांची, दहा-स्पीड, म्हणजे मागे दहा दातेरी चकत्या. आता क्लीटवाले (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले) बूट, हेल्मेट, दोन टायर, चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या त्या चकत्यांचा संच), दिवे आणि ट्यूब घ्यायचेत. पैसे बाजूला ठेवलेले आहेत. जवळच्या दुकानाचं बिल 100 धरलं तर ऑनलाइन सगळं 78 मध्ये येतं. दुकानदार म्हणतो, माल माझ्याकडून घेतलात तर बसवायची मजुरी नाही, बाहेरून आणलात तर 6 लागतील. आणि तुमचा बेत आहे की बूट दुकानात घालून बघायचे आणि ऑनलाइन मागवायचे.

22 हा आकडा दिसायला छान आहे, पण तो एकाच थैलीत ओतून बघू नका. तुम्हीच दिलेल्या भावांवरून मी फोड केली: बुटांवर 6 वाचतात, टायरवर 5, कॅसेटवर 3, चेनवर 2, हेल्मेटवर 3, दिवे-ट्यूबवर 3. यातला प्रत्येक आकडा वेगळ्या जोखमीचा आहे. ऑनलाइन सूट म्हणजे बऱ्याचदा चूक झाली तर ती तुम्ही निस्तरायची, याचा मोबदला असतो. मग विचारायचं एवढंच की कुठल्या वस्तूत चूक होण्याची शक्यता किती.

टायरमध्ये जवळजवळ शून्य. जुन्या टायरच्या कडेला बोट फिरवा, 28-622 असं काहीतरी उठावात लिहिलेलं सापडेल. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. नुसतं ‘26 इंची’ बघून मागवू नका, कारण त्या एका नावाखाली 559 पण येतो आणि 590 पण, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायर घरी चढवता येतो, त्यामुळे त्याची मजुरीही लागत नाही. ट्यूब घेताना रिमचं भोक बारीक व्हॉल्व्हचं आहे की जाड, तेवढं बघा. दिव्यांत तर बसवायचं असं काही नसतंच. हे सगळं बिनधास्त ऑनलाइन. 8 वाचले.

कॅसेटबद्दल मात्र मी दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे. एकदा सूट बघून अकरा-स्पीडची रोड कॅसेट मागवली. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, होतं दहा-स्पीडचं. रात्री जमिनीवर पेपर पसरून एकेक चकती चढवली, सगळ्या गेल्या. शेवटची लॉकरिंग, म्हणजे चकत्या जागेवर घट्ट धरणारी रिंग, फिरवतोय तर आटे पकडेचनात. फरक होता जेमतेम 1.8 मिलिमीटरचा, अकरावाल्याला हबचा चकत्या चढतात तो भाग तेवढा लांब लागतो. तोवर पाकीट फाडलेलं, चकत्यांना माझ्या हाताचं ग्रीस, त्यामुळे माल परत घेतला नाही. शिवाय ती काढ-घाल करायला लॉकरिंगचा पाना आणि चेन-व्हिप (चकत्या फिरू न देता धरायचं हत्यार) विकत घेतली होती, ती वेगळीच. दुसऱ्यांचे पैसे सांभाळणाऱ्याने हे करावं, यावर घरी बरंच ऐकून घेतलं.

तुमच्याकडेही हीच गत आहे. चेन आणि कॅसेटवर मिळून 5 वाचतात, पण दुकानदाराच्या 6 च्या मजुरीतले 4 तीच बसवायचे. उरला 1. एवढ्यासाठी अंगावर जोखीम घेऊ नका.

त्याआधी मुळात कॅसेट लागतेय का, ते बघा. स्टीलची फूटपट्टी घ्या, चेन ताणून धरा आणि शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, त्यामुळे 12 इंचांच्या खुणेवर बरोबर पिन यायला हवी. ती 1/16 इंचाच्या आसपास पुढे सरकली असेल तर नुसती चेन बदला. 1/8 इंच सरकली असेल तर कॅसेटचे दातही झिजलेत असं समजा. तुमच्या यादीत कॅसेट 12 ला आहे. फूटपट्टी ‘नको’ म्हणाली तर हे 12 तसेच खिशात राहतात. अख्ख्या ऑनलाइन खरेदीतून जे वाचत होतं, त्याच्या निम्म्याहून जास्त!

बूट दुकानातूनच घ्या. दोन कंपन्यांचा 42 नंबर सारखा नसतो, संध्याकाळपर्यंत पाय थोडा फुगतो, आणि तुमच्याच पत्राप्रमाणे एकदा परत पाठवायचा खर्च 2. दोनदा बदलले की 6 चे 2 राहिले. पेडलला दोन बोल्टांचं क्लीट लागतं की तीन, हेही तिथेच स्पष्ट होईल. घालून बघायचे तिथे आणि घ्यायचे दुसरीकडे, हे मला पटत नाही. सभ्यतेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी हिशेबातही बसत नाही. गिअर अडकला की तुम्ही त्याच माणसाकडे जाणार आहात.

हेल्मेटचंही तसंच. डोक्यावर घालून, पट्टा न लावता मान हलवून बघायचं. आत ईएन 1078 (युरोपचं सुरक्षा मानक) किंवा सीपीएससीची (अमेरिकेचं) खूण हवी. फक्त 3 वाचवायला अनोळखी विक्रेत्याकडून नकली माल येण्याचा धोका कशाला? बिल जपून ठेवा. पडल्यावर हेल्मेट बदलावंच लागतं, आणि काही कंपन्या तेव्हा बिल बघून नव्यावर सवलत देतात.

कॅसेट वगळली की या मिश्र यादीचं (काही ऑनलाइन, बाकी दुकानातून) बिल 80 होतं. कोणी म्हणेल, मग ऑनलाइनमधूनही वगळा, ते 69 वर येईल. खरं आहे. त्या 11 मधले 2 चेनचे, ते मजुरीत जातील. उरलेले 9 बूट आणि हेल्मेटचे. माझ्या खिशातून असते तर मी ते दिले असते.

दुकानदाराशी भावावरून घासाघीस करू नका, मालावर त्याला फारसं सुटत नसावं. त्यापेक्षा क्लीट बसवून देणं आणि दोन महिन्यांनी गिअरची एक जुळवणी बिलातच मागा. त्याचा वेळ जातो, तुमचे पैसे वाचतात.

‘विनाव्याज हप्ते’ नकोत. रोख सूट बऱ्याचदा तिथेच गायब होते, वर प्रक्रिया शुल्क. पैसे तयार आहेत ना? एकदाच भरा. आणि फुकट डिलिव्हरीसाठी कार्टमध्ये टाकलेली ती तिसरी पाण्याची बाटली काढून टाका.